गंभीररावांनी पाठवलेली कुंडी

गंभीररावांनी आमच्या घरी कुंडी पाठवली, तेव्हाच मी बायकोला म्हटलं, यात काहीतरी पाणी मुरतंय. ती म्हणाली, कुंडी आहे, पाणी मुरणारच, आणि उचलून तिने ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. माझं कुठलंही म्हणणं आमच्या घरात असंच उचलून खिडकीत ठेवलं जातं.

मी संशयी आहे, असं घरात सगळ्यांचं मत आहे. सगळ्यांचं म्हणजे बायकोचं. मुलगी शिकायला परगावी असते आणि फोनवर आईच्याच बाजूने बोलते, तेव्हा तिचं मत वेगळं मोजायचं कारण नाही. पण मी म्हणतो, संशय हा माझा स्वभाव नाही, व्यवसाय आहे. मी एका चहाच्या कंपनीत चहा चाखतो. हे सांगितलं की लोक हसतात. नवीन ओळख झालेला प्रत्येक माणूस 'म्हणजे दिवसभर चहाच पिता की काय' असं विचारतो, आणि हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं अशा आनंदात माझ्याकडे बघत राहतो. आम्ही चहा पीत नाही. चमच्याने घोट उचलायचा, पलीकडच्या इमारतीत ऐकू जाईल असा भुरका मारायचा, घोट जिभेवरून घोळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. मग त्या कपाला दहापैकी गुण द्यायचे. नमुना पाठवणारा प्रत्येक जण चांगली पत्ती वर आणि भुसा खाली भरून पाठवतो, या एका समजुतीवर माझा संसार उभा आहे. असा माणूस घरी आलेल्या कुंडीकडे भाविकपणे बघेल कसा?

त्यातून कुंडी गंभीररावांची.

गंभीरराव हे त्यांचं नाव नव्हे, ऑफिसने ठेवलेली पदवी. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून आम्ही वर्षानुवर्षं भुरके मारतोय, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हललेली मी पाहिली नाही. अमृत द्या नाहीतर गटाराचं पाणी द्या, चेहरा आपला तोच. माझं बरोबर उलटं. माझ्या जिभेवर जे येतं ते आधी चेहऱ्यावर येतं. कडू कप आला की भुवया कपाळ सोडून जातात, आंबूस आला की उजवा डोळा मिटतो, आणि खरोखर फक्कड चहा लागला की, बायको म्हणते, मी आमच्या लग्नाच्या फोटोतल्यासारखा दिसतो. म्हणजे पुढचं काही ठाऊक नसलेला. त्यामुळे ऑफिसात मला हसतात आणि गंभीररावांना मानतात. न बोलणाऱ्या माणसाला अक्कल असते असा एक गोड गैरसमज जगात आहेच.

दोन वर्षांपूर्वी गंभीरराव कसल्याशा तापाने महिनाभर घरी होते. परत आले ते एक नवीन खोड घेऊन. आमच्याकडे कप आधी माझ्याकडून जातो, मग टेबलावरून सरकत त्यांच्याकडे. तर मी भुरका मारला की हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघणार. पापणी लवणार नाही. मग स्वतः भुरका मारणार, आणि मी सात म्हटलं की सव्वासात म्हणणार. मी साडेपाच म्हटलं की पावणेसहा. प्रत्येक वेळी माझ्यापेक्षा पाव गुण वेगळा, जणू 'तुमचं बरोबर आहे हो, पण माझं जरा जास्त बरोबर आहे.' दोन वर्षं मी हा पाव गुण गिळला. माझ्या चुका टिपायला हा माणूस टपून बसलाय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आणि नेमके आमचे थोरले निवृत्त व्हायला निघाले. थोरले म्हणजे आमचे मुख्य चाखणारे. त्यांच्या खुर्चीत कोण बसणार हे ठरवायला मोठ्या साहेबांनी परीक्षा जाहीर केली. टेबल तेच, जागा त्याच, समोर ओळीने कप. बोलायचं नाही, गुण आपापल्या चिठ्ठीवर लिहायचे. थोरल्यांच्या गुणांशी ज्याचे गुण जास्त जुळतील, खुर्ची त्याची. बायकोने ही बातमी सासरी-माहेरी सगळीकडे कळवून टाकली, तीही निकालासकट. म्हणजे आता मी नापास झालो तर दोन घराण्यांत तोंड दाखवायला जागा नव्हती. आणि जन्मभर त्या पाव गुणाच्या हाताखाली काम करायचं, हे वेगळंच.

अशा वेळी माझी हिरडी सुजली. डावीकडे, अगदी आत, दाढेच्या मागे. पहिल्या दिवशी ठणका, दुसऱ्या दिवशी गाल.

दातांच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि म्हणाले, जंतूंचा संसर्ग आहे, गोळ्या घ्या. मी विचारलं, गोळ्यांनी तोंडाची चव जाते का? ते म्हणाले, थोडे दिवस जरा धातूसारखं लागेल, एवढंच. एवढंच! ज्याच्या जिभेवर चूल पेटते त्याला हा मनुष्य 'एवढंच' म्हणत होता. मला त्याचे दात बघूनच संशय आला होता. इतके पांढरे दात प्रामाणिक माणसाचे नसतात. गोळ्या घरी आणल्या आणि परीक्षा होईपर्यंत खणात टाकल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की टाळाटाळ केलीत तर हे वाढेल. वाढवणारच, म्हटलं, त्यांचा धंदा आहे.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वहिनी, म्हणजे गंभीररावांची बायको, कुंडी घेऊन दारात. हातभर उंचीचं झुडूप, जाडसर पानं, वास औषधी. वहिनींनी सांगितलं की 'ह्यां'चीही हिरडी मागे अशीच सुजली होती, या पानांचा चहा प्यायले, त्याच्याच चुळा भरल्या आणि उतरली. आता तुमचं ऐकल्यापासून ह्यांनी डोकं खाल्लंय, आधी ती कुंडी पोचव म्हणून.

मी बायकोकडे बघितलं. बायकोने वहिनींना आत बोलावून बसवलं. मला सांगा, परीक्षा तोंडावर आलीय, माझं तोंड सुजलंय, आणि ज्याला त्याचा फायदा तो माणूस माझ्या तोंडासाठी झुडूप पाठवतो, तेही डोकं खाऊन. यात पाणी मुरत नाही तर काय मुरतं?

एक पान खिशात घालून मी शोधाला लागलो. रोपवाटिकेच्या माळ्याने ते चुरगळून हुंगलं आणि कुंपणाला छान दिसेल म्हणाला. औषधाच्या दुकानदाराने बाटलीत असतं तर सांगता आलं असतं असं सांगितलं. कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांनी भिंगातून पाहून, फूल आल्याशिवाय आपण कुठल्याही झाडाचं नाव तोंडातून काढत नाही, फूल आलं की या, असं म्हटलं. त्यांचा चेहरा मला त्यातल्या त्यात विश्वासू वाटला, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं आणि ते त्यांनी सांगितलं.

मग मी नगरपालिकेच्या उद्यान खात्यात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, झाड तोडायचंय का? मी म्हटलं, नाही, प्यायचंय. त्यांनी पेन खाली ठेवलं. माणसाच्या उंचीपेक्षा कमी असेल तर ते आमच्या हिशेबी झाडच नव्हे, आणि पोटात जाणार असेल तर आरोग्य खातं, मागच्या जिन्याने वर. आरोग्य खात्यातल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, कुणाला बाधा झालीय का?

"अजून नाही," मी म्हटलं.

"मग झाल्यावर या."

आमच्या वरच्या मजल्यावर कोर्टातून निवृत्त झालेले एक काका राहतात. चाळीस वर्षं खोट्या साक्षी ऐकून त्यांचा आता घड्याळावरही विश्वास उरलेला नाही. मला त्यांच्याशी बोलून नेहमी बरं वाटतं. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, माझा गाल दोन्ही बाजूंनी तपासला आणि निकाल दिला. ज्याने दिलंय त्याला आधी प्यायला लावा. तुमच्या घरी, तुमच्या डोळ्यांदेखत. इतका साधा उपाय मला सुचला नाही याचं वाईट वाटलं. तळमजल्यावरच्या मावशींना मात्र असल्या भानगडीत रस नव्हता. त्या रोज येऊन आपल्या गुडघ्यासाठी दोन फांद्या मोडून न्यायला लागल्या. हिरडीचं झाड गुडघ्याला कसं चालेल असं मी विचारलं तर म्हणाल्या, झाडाला काय कळतंय?

गंभीरराव आणि वहिनींना रविवारी चहाला बोलावलं. आता चहा करायचा म्हटल्यावर माझ्यातला चाखणारा जागा झाला. कोवळी पानं वेगळी, जून वेगळी, वाळवलेली वेगळी, सगळी वजन करून, झाकण ठेवून, घड्याळ लावून. ओट्यावर पांढऱ्या कपांची रांग लावली आणि एकेक भुरका मारून मोरीत थुंकत गेलो. चव गवताची, वर जरा कडवटपणा, शेवटी किंचित मिरमिर. बाकी काही नाही. कोवळ्या पानांना मी चार दिले. पाचव्या भुरक्याला काका वरून धावत खाली आले. त्यांना वाटलं, मोरीची नळी फुटली.

चुळा भरण्यासाठी बायकोने त्याच पानांचं पाणी दुसऱ्या पातेल्यात मूठभर मीठ घालून उकळून ठेवलं होतं. दोन्ही पातेली सारखी, रंग सारखा, आणि मी ओट्यावर मांडलेल्या पसाऱ्यात तिला स्वतःचे हात सापडत नव्हते, असं तिचं नंतरचं म्हणणं. तर पाहुणे आले, बसले, आणि त्यांच्यासमोर कप गेले ते चुळांच्या पातेल्यातले.

मला याचा पत्ता नाही. मी समोर बसून, यजमान हसतो तसा हसत होतो. माझं सगळं लक्ष गंभीररावांच्या कपाकडे. त्यांनी कप उचलला, माझ्या तोंडाकडे नेहमीसारखं टक लावून बघितलं आणि शांतपणे शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

"छान झालाय," ते म्हणाले.

वहिनींनी एक घोट घेतला आणि त्या उठून मोरीकडे पळाल्या. बायकोच्या लक्षात आलं. ती कपाळाला हात लावून माफी मागायला लागली. तर वहिनी तोंड पुसत घाईघाईने म्हणाल्या, असू दे हो, ह्यांना खारट आवडतं. आणि दोघं लगेच घरी गेले.

बायकोला त्यांचा चांगुलपणा बघून भरून आलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मूठभर मिठाचा चहा डोळ्याची पापणी न लववता पिणारा माणूस! केवळ माझा विश्वास बसावा म्हणून! या माणसाची तयारी किती असेल याचा विचार करून माझ्या अंगावर काटा आला. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, असा आरोपी त्यांनी आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो सुटला.

पण एक होतं. प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी ठणठणीत ऑफिसात हजर होता. तेव्हा विष तर नव्हतं. मी तो चहा घ्यायला लागलो. ठणका थोडा कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा. गाल होता तिथेच होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी उठलो तो दुखण्याने डोळ्यांपुढे काजवे. बायको म्हणाली, आज जरा कडक करते. त्याच सकाळी झुडपाला पहिल्यांदा फुलं आली होती, पिवळी, बटणासारखी. फुलात तर जास्त गुण असणार, असा विचार करून तिने ती सगळी खुडून पातेल्यात टाकली. प्राध्यापक फुलाची वाट बघत बसले आणि फुलं माझ्या पोटात गेली. मी तो काढा तोंडात धरून, हिरडीवर घोळवून घोळवून प्यायलो. ठणका जादू केल्यासारखा थांबला. मी खुशीत घराबाहेर पडलो आणि कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की ठणका एकटाच गेला नव्हता. जाताना जिभेला घेऊन गेला होता.

जीभ तोंडात होती, पण दुसऱ्या कुणाची तरी असावी तशी. ओठ लाकडाचे, गाल लाकडाचे. रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेऊन बघितला, नुसता गरमपणा लागला. साखर मागून बोटाने चाटली. वाळू. माझ्या तोंडचं पाणी पळालं म्हणावं, तर तेही ओठातून गळत होतं आणि मला कळत नव्हतं. आता सगळं दिवसासारखं लख्ख दिसलं. मीठ पिणारा तो कसाई दोन आठवडे फुलांचीच वाट बघत होता. आणि मी, रोज नमुन्याच्या तळापर्यंत हात घालून भुसा शोधणारा माणूस, स्वतःच्या खिडकीत त्याला पाणी घालत बसलो होतो. रागाने मला रडू यायला लागलं.

चाखणीच्या खोलीत सगळे जमले होते. मोठे साहेब खिडकीपाशी, थोरले कोपऱ्यातल्या खुर्चीत, त्यांचे गुण त्यांनी आधीच लिहून साहेबांना दिलेले. गंभीरराव समोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर उठून गेला असता.

सुरुवात झाली. मी ठरवलं, जीभ नाही तर नाही, नाक आहे, डोळे आहेत. रंग बघायचा, वास घ्यायचा, उगाच भुरका मारायचा आणि अंदाजाने गुण लिहायचे. इतक्या वर्षांची सवय काही अगदीच वाया जात नाही. पहिल्या दोन-तीन कपांचं बरं जमलं. चेहरा मात्र लाकडाचा लाकूड. आणि समोर बघतो तर गंभीररावांच्या चिठ्ठीवर एक आकडा नाही. ते नुसते माझ्याकडे बघत होते. कपाळावर घाम.

एवढ्यात साहेबांना फोन आला. ते आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बोलायला लागले. थोरल्यांना डुलकी लागली होती. गंभीरराव टेबलावर वाकले.

"अहो," ते कुजबुजले, "चेहरा तरी करा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कसला चेहरा, असं मी ओठ हलतील तितपत विचारलं.

"कसलाही करा. मघापासून समोर नुसती भिंत बसलीय. मी लिहू काय?"

ही नवी चाल. मला बोलायला लावायचं आणि साहेबांनी वळून बघितलं की बाद करायचं. मी हसलो मनात. थांब म्हटलं, तुझीच परीक्षा घेतो. माझ्या पुढ्यातल्या कपाला साबणाचा भपकारा येत होता. परीक्षा म्हणून त्या दिवशी कप जास्तच घासले होते आणि हा एक विसळायचा राहिला होता. नाक असलेल्या कुणालाही ते हातभरावरून कळलं असतं. हाताआड माझ्या चिठ्ठीवर 'शून्य, साबण' लिहिलं, त्यातला चमचाभर घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून, तोंडाच्या उजव्या अर्ध्या भागाने, लग्नाच्या फोटोतला चेहरा केला. कप त्यांच्याकडे सरकवला.

गंभीररावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भुरका मारला, घोळवला, थुंकले आणि चिठ्ठीवर लिहिलं. मला ते उलटं वाचता येत होतं. सव्वाआठ. त्यांच्या मिशीला फेस लागला होता.

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"साबण आहे त्यात," मी म्हटलं.

त्यांनी चमचा हळूच खाली ठेवला. "असेल," ते म्हणाले. "त्या तापानंतर मला काही लागत नाही. वास नाही, चव नाही. साबण काय नि साखर काय. घरात फक्त हिला माहीत आहे."

"म्हणून तुम्ही माझ्याकडे..."

"दुसरं कुणाकडे बघू?"

"आणि ती कुंडी?"

"तुमचं तोंड बरं व्हायला नको? दोन वर्षं तुमच्या तोंडावर माझं घर चाललंय."

"अहो, पण जीभ बधिर होते त्याने."

"होते का?" ते म्हणाले. "मला कसं कळणार?"

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. हनुवटी थरथरली. मला ते बघवेना. ज्याला मी दोन वर्षं टपून बसलेला समजत होतो, तो माणूस दोन वर्षं माझ्या भुवया धरून लोंबकळत होता. हात सुटला तर खाली काय आहे हे आम्ही दोघंही जाणत होतो. चाखणाऱ्याची जीभ गेली की कंपनीत त्याला पिकदाणीइतकीही जागा उरत नाही.

साहेब फोन ठेवून वळले. एक वाक्य पुरलं असतं. खरं सांगतो, ते वाक्य माझ्या तोंडात आलंही होतं. मी ते थोडा वेळ घोळवलं आणि पिकदाणीत थुंकलो.

त्यानंतर मी जे केलं त्याला चाखणं म्हणता येणार नाही. अर्धा गाल सुजलेला, उरलेला बधिर, तेव्हा जे हलत होतं ते सगळं हलवलं. भुवया नाचवल्या, उजवा डोळा मिटला, नाक फेंदारलं, कडू कपाला कान हलवायचाही प्रयत्न केला. साहेब फोन खिशात घालत होते तेवढ्यात साबणाच्या कपाकडे बोट करून आधी गळा कापल्याची खूण केली. गंभीररावांनी तो कप पुन्हा ओढला, गंभीरपणे पुन्हा एक भुरका मारला, सव्वाआठ खोडले आणि शून्य लिहिलं. त्यांच्या चिठ्ठीवर रिकामे राहिलेले पहिले दोन-तीन कपही पुन्हा ओढून त्यांचे चेहरे करून दिले. शेवटच्या कपापर्यंत माझी मान आखडली होती.

साहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या थोरल्यांच्या गुणांशी ताडून पाहिल्या. साबणाचा कप सोडला तर आम्हा दोघांमध्ये, अर्थातच, पाव-पाव गुणाचा फरक, आणि थोरल्यांच्या गुणांपासून दोघं सारखेच लांब. साहेबांनी चिठ्ठ्या घडी करून ठेवल्या. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुम्ही साबणाच्या कपाला हसलात," ते म्हणाले. "मला खिडकीच्या काचेत दिसलं. चिठ्ठीवर शून्य आणि तोंडावर हसू. समोरच्याला फसवायचा विचार होता ना?"

विचार तोच होता.

"त्यांनी बघा, आधी चुकले, पण पुन्हा चाखून स्वतःचं खोडलं. खुर्चीत असा माणूस हवा. आणि तुमचं ते तोंड. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना असं तोंड करून चालेल का?"

खुर्ची गंभीररावांना मिळाली. त्यांचा चेहरा हलला नाही. सगळे म्हणाले, बघा, याला म्हणतात भारदस्तपणा.

त्या संध्याकाळी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, मुकाट्याने बोलणी खाल्ली आणि गोळ्या सुरू केल्या. हिरडी उतरली. मावशी म्हणतात झुडपाने उतरली, काका म्हणतात झुडूप बंद केलं म्हणून उतरली, डॉक्टर काही म्हणत नाहीत, नुसते दात दाखवतात. दोन्ही घराण्यांना बायकोने कळवलं की साहेबांनी राजकारण केलं. मी तिला खरं काही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. त्यामुळे मी गंभीररावांवर चिडत का नाही, हे तिला कळत नाही, आणि आता आमच्या घरात संशय ती घेते.

गंभीररावांनी थोरल्यांची खोली घेतली नाही. इथे उजेड बरा असतो, असं साहेबांना सांगून ते माझ्यासमोरच बसतात. मी सात म्हटलं की सव्वासात म्हणतात. मधे एकदा मला सात म्हणायचं होतं आणि मी चेहरा नऊचा केला, नुसतं बघायला. त्यांनी सव्वानऊ म्हटलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला दिवसभर जेवण गेलं नाही. तेव्हापासून तो खेळ बंद.

परवा वहिनींना घेऊन ते घरी आले होते. बायकोला वाटलं, आपण त्यांना मागे मिठाचं पाणी पाजलं होतं, त्याची भरपाई करावी. तिने आमच्या कंपनीतला उत्तम चहा काढला, साखर बेताची, दूध बेताचं, आणि स्वतः हजर राहून कप दिले. गंभीररावांनी कप उचलला. तोंडापाशी नेला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

मी माझा कप खाली ठेवला. गाल आता दोन्ही बाजूंनी नीट हलतात. मी घाई केली नाही. आधी भुवया, मग डोळे, मग हळूहळू लग्नाच्या फोटोतला अख्खा चेहरा. जितका चांगला मला येतो तितका.

"वा," गंभीरराव म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी पहिला घोट घेतला.

वहिनी खिडकीतल्या कुंडीकडे बघत होत्या. बायको मात्र माझ्याकडे रोखून बघत होती, इतकं हसण्यासारखं त्या चहात तिने काय घातलंय म्हणून.